झडपेचे चार बोल्ट

गुरुवारी दुपारी सुपेल्याच्या चौकात आमची गाडी बंद पडली अन् ह्यायनं मान कलती करून बोनटकडे पाह्यलं. झालं ते एवढंच. कोणाले लागलं नाही, कोणाची काच फुटली नाही. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, एक पोट्टा बाईक आडवी घालून खिडकीत वाकला अन् म्हणाला, "आंटी, अब इसको कबाड़ में दे दो," अन् मी त्याले म्हणलं, "पहले तेरे को दे देती हूँ, वजन में ज्यादा उतरेगा." माझं तोंड असंच आहे, पहिल्यापासून. पण स्टेअरिंगवर बसून तोंड चालू होतं तरी डोळे बाजूच्या सीटवरच्या ह्यायच्याकडे होते. हे म्हणजे माझे यजमान, कृष्णराव उमाठे, एकतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये पाइप फिटर, रिटायर होऊन तीन वर्षं झाली अन् लकवा मारून चौदा महिने. उजवं अंग गेलं, वाचा गेली, अन् बाकीचं किती गेलं ते कोणालेच माहीत नाही. चौदा महिने त्यायची नजर भिंतीवरून पंख्यावर अन् पंख्यावरून भिंतीवर सरकत होती, थांबत कुठंच नव्हती. त्या चौकात ती थांबली. गाडीनं दोन गचके दिले, मागून काळ्या धुराचा भपका निघाला, इंजिन बसलं, अन् ह्यायनं बोनटकडे असं पाह्यलं जसं ते पहिले पाहत, कुठं दुखते बावा तुले, असं विचारल्यासारखं. क्षणभरच. मंग नजर परत सुटली. दोन जणांनी धक्का मारून गाडी कडेले लावून दिली, मी त्यायले थँक्यू म्हणलं, अन् ती नजर आज रविवार उजाडला तरी माझ्या डोक्यातून गेली नाही.

लोक म्हणतील, बाई, तुले तर आनंद व्हायले पाहिजे. नवऱ्यानं काही ओळखलं, याच्यापेक्षा चांगलं काय? अरे बाबा, माझ्या मांडीवर त्या वेळी कागद होता. दुर्गवरून तोच घेऊन येऊन राहिलो होतो आमी. डॉक्टरनं ह्यायले खुर्चीवर बसवून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून विचारलं होतं, "कृष्णराव जी, नाक पर उंगली रखिए." ह्यायनं ठेवली नाही. "आँखें बंद कीजिए." केले नाहीत. पेन दाखवला, चावी दाखवली, "इसमें चाबी कौन सी है?" हे खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत राहिले. डॉक्टरनं लिहून दिलं की पेशंटले बोललेलं समजत नाही, सही केली, शिक्का मारला, अन् मी, त्यायची लग्नाची बायको, मनातल्या मनात म्हणली, सुटली. कारण सोमवारी मी ह्यायले रायपूरच्या एका घरात नेऊन ठेवणार आहे. अशाच लोकांसाठी असते ते घर, ओळीनं खाटा, दोन वेळचं जेवण, पाठ पुसायले माणूस. तिथं हा कागद लागते. पण खरं सांगू, तो कागद त्या लोकांपेक्षा मलेच जास्त पाहिजे होता. ज्याले समजत नाही त्याले सोडून येता येते. ज्याले समजते त्याले सोडून येणाऱ्या बाईले काय म्हणतात ते मले माहीत आहे, मीच दुसऱ्यायच्या सुनांले ते म्हणत आली आहे. म्हणून गुरुवारपासून देवापुढे हात जोडून मी एकच मागून राहिली आहे, की ह्यायले काही म्हणजे काही समजत नसू दे. अन् मंग तो चौक आठवते, ती कलती मान. आठवते की नाकावर बोट ठेवा असं कोणी ह्यायले चांगल्या तब्येतीत सांगतलं असतं तरी त्यायनं ठेवलं नसतं, उलट विचारलं असतं, कावून, नाक पळून चाललं का?

मी काही मजेनं नाही नेऊन राहिली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीत आमी दोघं पडलो. ह्यायले आंघोळ घालून उभं करत होती, माझा पाय साबणावरून गेला, अन् हा पाच फूट दहा इंचाचा माणूस माझ्यावर आला. दोन तास आमी ओल्या फरशीवर पडून होतो. नळ चालू होता. त्यायचं डोकं माझ्या खांद्यावर, वजन सगळं माझ्या कमरेवर, अन् मी छताकडे पाहत हाका मारत होती, साधना येपर्यंत. साधना आमची कामवाली. ती आली, किंचाळली, शेजारच्या दोघांले घेऊन आली. तेव्हापासून माझा मणका सरकला आहे, भांडं उचलतानाही डोळ्यांसमोर काजवे चमकतात. शुभंकर, माझा पोरगा, बेंगलुरूहून आला, चार दिवस राहिला, जाताना म्हणाला, "मम्मी, तू गिर गई तो दोनों को कौन उठाएगा? मी तिथून रोज रोज कसा येऊ, सांग." खोटं काही बोलला नाही तो. त्याच्यावर राग काढायची सोय नाही, हीच तर पंचाईत आहे. रायपूरचं घर त्यानंच शोधलं, फोटो पाठवले, खिडकी आहे म्हणाला, पापाले खिडकीजवळची खाट मिळेल, सोमवारी बाराच्या आत पोहोचलं पाहिजे, नाही तर ती दुसऱ्याले जाईल. हे सगळं त्यानं फोनवर सांगतलं, फोन स्पीकरवर होता, अन् हे समोरच्याच खुर्चीवर बसले होते.

आता कोणी म्हणेल भाड्याची गाडी कर. केली होती. ह्यायले दुसऱ्या गाडीत बसवलं की अंग लाकडासारखं ताठ होते अन् घशातून असा आवाज निघते की ड्रायव्हर गाडी थांबवते. अॅम्ब्युलन्समध्ये तर चौघांनी धरलं होतं. पण आमच्या ह्या बारा वर्षांच्या डिझेल गाडीत, डाव्या बाजूच्या सीटवर, हे गुपचूप बसतात, हात मांडीवर ठेवून. म्हणजे रायपूरले न्यायचं तर हीच गाडी पाहिजे. अन् ही गाडी चौकात बसली. हथखोजकडे वर्कशॉप आहे त्या अमरदीपले बोलावलं, त्यानं आमच्यासकट गाडी दोरीनं ओढून घरी आणली, एक झडप दाखवली अन् सांगतलं, "भाभीजी, ईजीआर वाल्व जाम है. कार्बन भर गया पूरा. नया रायपुर से आएगा, चार दिन पकड़ लो." मी म्हणलं, "साफ करके नहीं चलेगा?" तर म्हणाला, "चलेगा, पर मेरा लड़का छुट्टी पे है, सोमवार को आएगा." मी म्हणलं, "रहने दे. गैस्केट भेज दे नया. मैं कर लूँगी." तो हसला. त्याले वाटलं बाई थट्टा करून राहिली. त्याले काय माहीत, नऊ वर्षं दर संक्रांतीले ह्या जुनवानीच्या घराच्या पोर्चमध्ये टॉर्च धरून कोण उभं राहत होतं ते.

ही झडप म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे चाललेला थोडा धूर परत इंजिनात सोडते, हवा कमी खराब व्हावी म्हणून. ह्यायनं मले पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हणली, म्हणजे आपलंच उष्टं आपणच खायचं. हे खूप हसले होते. हसताना त्यायचे खांदे हलत, आवाज येत नसे. मंग दर वर्षी म्हणत, चल तारा, गाडीचं पोट साफ करू, उष्टं खाऊन खाऊन जाम झालं तिचं. सकाळचं ऊन पोर्चमध्ये यायचं, गाडी रात्रभर थंड केलेली असायची, बॅटरीची काळी वायर पहिले काढायची, मंग झडपेचा प्लग, मंग नळीची पट्टी, मंग चार बोल्ट. आज मी तसंच केलं. ह्यायले चहा पाजून, लुंगी बदलून, खुर्ची पोर्चमध्ये गाडीच्या मडगार्डजवळ आणून बसवलं, उन्हात. मुद्दाम नाही. एकटं घरात ठेवता येत नाही अन् ऊन तिथंच येते. मुद्दामचं मंग झालं, ते सांगते. बोनट उघडलं, ह्यायची हत्यारांची पेटी उघडली. चौदा महिन्यांत कोणी हात लावला नव्हता तरी एकही पाना जागेवरून हललेला नव्हता. मोठ्यापासून लहान, उजवीकडून डावीकडे. मले रडू आलं नाही. मले राग आला. मेलं, एवढं सगळं ओळीत लावून ठेवलं अन् स्वतःच असा विस्कटून बसला.

तीन बोल्ट निघाले, चौथा निघेना. त्यावर तेल सोडून बसली मी पायरीवर. हे पाहत होते की नव्हते? हेच तर पाहून राहिली होती मी सकाळपासून, कामापेक्षा जास्त. नजर कंपाउंडच्या भिंतीवर होती. भिंतीवर काहीच नव्हतं. आमच्या लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली अन् मी ह्या माणसाले कधी भिंतीकडे पाहत बसलेलं पाह्यलं नव्हतं. ह्यायचे हात नेहमी कशात तरी असायचे. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये असताना सुताराने स्वयंपाकघरात फळी ठोकली, हे दुसऱ्या पाळीवरून आले, डबा ठेवला, फळीकडे पाह्यलं, अन् न जेवता स्टुलावर चढून सगळे स्क्रू काढले. मी म्हणली, आता काय झालं? तर म्हणे, यानं एका बाजूनं कसत आणलं आहे, वाकडी बसली. मंग एक इकडचा, एक तिकडचा, परत इकडचा, परत तिकडचा, थोडे थोडे करत कसले. गॅसच्या लाइनीवर, पाण्याच्या लाइनीवर, जिथं दोन तोंडं जोडायची तिथं समोरासमोरचे बोल्ट कसायचे, हे ह्यायचं ब्रह्मवाक्य. एक कसला की त्याच्या समोरचा, शेजारचा नाही. शेजारचा कसला की एक बाजू दबते, दुसरी उघडी राहते, मंग फुटेपर्यंत कोणाले दिसत नाही. गच्चीवरच्या टाकीचं झाकण असो, शुभंकरच्या सायकलचं चाक असो, माझ्या सासूबाईंच्या खाटेचे नट असो, सगळे समोरासमोर. मी चिडवायची, तुमाले अंगरख्याची बटणंही समोरासमोर लावायले पाहिजेत. एकदा मी घाईत मिक्सरच्या बुडाचे स्क्रू गोल गोल कसले तर हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मिक्सरसाठी! अशा माणसाच्या घरात मी आयुष्य काढलं.

चौथा बोल्ट निघाला. झडप हातात आली तेव्हा ती झडप वाटतच नव्हती, डांबराचा गोळा वाटत होता. आत बोटभर भोक असते ते काडीएवढं उरलं होतं. पेपर अंथरला, लाकडी चमच्याच्या दांड्यानं खरवडायले बसली, कारण लोखंडानं खरवडलं तर ओरखडे पडतात, हेही त्यायचंच. स्प्रे मारला, जुन्या टूथब्रशनं घासलं. काळं पाणी गळू लागलं, नखांत गेलं, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. वास तर असा की नाकपुड्या आतून जळतात. घासता घासता हात आपोआप चालतात अन् मन नको तिथं जाते. मले गणपतीतली ती दुपार आठवली. ती आठवू नये म्हणून मी दिवसभर कामं काढते, तरी आठवते. ह्यायले भात भरवत होती, वरणभात, मऊ कालवून. हे घास घेत अन् तोंडातून बाहेर ढकलत. एक, दोन, पाच. माझ्या हातावर, साडीवर, फरशीवर. आदल्या रात्री मी झोपली नव्हती. सहाव्या घासाले मी ह्यायच्या गालावर चापट मारली. हळू नाही. चांगली आवाज होईल अशी, माझी पाच बोटं उमटतील अशी. ह्यायनं माझ्याकडे पाह्यलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण लकव्यात डोळ्यांतून पाणी येतेच, डॉक्टरनं सांगतलं होतं. मी हात धुवून आली, दुसरा भात कालवला, अन् स्वतःले म्हणलं, त्यायले काय समजते? कुठं लक्षात राहते? ह्या एका वाक्यावर मी पाच महिने जगून राहिली आहे. हे वाक्य खोटं निघालं तर मी कुठं जाऊ, सांगा.

फोन वाजला. सत्यभामा, माझी मोठी बहीण, दुर्गात राहते. हात काळे म्हणून स्पीकर लावला. "काय करून राहिली?" म्हणे. म्हणलं, "गाडी साफ करून राहिली." "गाडी? तुले काय वेड लागलं का? कमर पाहा आपली." म्हणलं, "उद्या त्यायले न्यायचं आहे ना रायपूरले. दुसऱ्या गाडीत बसत नाहीत, तुले माहीत आहे." मंग हळू आवाजात म्हणाली, "कृष्णराव कुठं आहेत?" म्हणलं, "इथंच आहेत, उन्हात." "अवं मंग त्यायच्या समोर कावून बोलतं? आतमध्ये जाऊन बोल ना." अन् माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "समोर बोललं तर काय होते? त्यायले समजते का? कागद आहे आता माझ्यापाशी, शिक्क्याचा. चौदा महिने मी भिंतीशीच बोलून राहिली आहे, ताई. तुमी सगळे येता, दोन केळी ठेवता, डोळे पुसता अन् जाता. लकवा मारला त्या रात्रीच सुटले असते ना, तर त्यायचंही सोनं झालं असतं अन् माझंही." हे मी आज पहिल्यांदा नाही म्हणलं. शंभर वेळा म्हणलं असेल, ह्याच पोर्चमध्ये, ह्याच खुर्चीसमोर. पण आज म्हणलं अन् जीभ चावली. मान वळवून पाह्यलं. हे भिंतीकडेच पाहत होते. सत्यभामा म्हणाली, "बरं बाई, तू थकली आहे. उद्या मी येऊ का सोबत?" मी म्हणलं, "नको." फोन बंद केला. फोनवर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते, ते पुसायले गेली तर आणखी पसरले.

झडप स्वच्छ झाली. आतली पट्टी बोटानं दाबली तर खुळखुळ हलायले लागली, जशी हलायले पाहिजे. इंजिनाकडचं तोंडही कापडानं पुसून काढलं. नवं गॅस्केट, दोन तोंडांच्या मधात बसते ती चकती, बसवलं, झडप जागेवर ठेवली, चारही बोल्ट बोटांनी दोन दोन आटे फिरवून घातले. पाना हातात घेतला. अन् तेव्हा माझ्या डोक्यात आलं. डॉक्टरनं घेतली ती पोराटोरांची परीक्षा होती, नाक कुठं, चावी कुठं. ह्यायची परीक्षा ही आहे. मी हे बोल्ट गोल गोल कसते, एकाच्या शेजारी एक, ह्यायच्या नाकासमोर, हातभर अंतरावर. आत कोणी शिल्लक असेल, रुपयातले चार आणे जरी शिल्लक असेल, तर ते हे सहन करणार नाही. अन् नसेल कोणी, तर मी मोकळी. मंग ती चापट चापट नाही, ती बोलणी बोलणी नाहीत, उद्याची खाट ही खाटच, दुसरं काही नाही. मी पदर खोचला.

पहिला बोल्ट कसला, पूर्ण, दात ओठ खाऊन. हे भिंतीकडे. शेजारचा घेतला. मुद्दाम पाना जरा आपटला, आवाज व्हावा म्हणून. कसला, पूर्ण. ह्यायच्याकडे पाह्यलं. काही नाही. लाळेची तार हनुवटीवर होती ती मी पदरानं पुसली अन् परत वाकली. तिसरा, त्याच्या शेजारचा. कसताना मले जाणवलं की माझ्या छातीवरचा धोंडा हलून राहिला आहे. नाही समजत. बाप्पा, खरंच नाही समजत. माझे डोळे भरून आले, सुटकेनं आले की कशानं ते विचारू नका, कारण त्याच वेळी मले असंही वाटलं की आता ह्या जगात मी एकटी आहे, मिक्सरच्या स्क्रूवरून दोन दिवस अबोला धरणारा माणूस गेला, केव्हाच गेला, अन् मी चौदा महिने त्याचं अंग पुसून राहिली आहे. दोन्ही एकाच वेळी वाटलं. चौथ्यावर पाना ठेवला.

घशातून आवाज आला. अॅम्ब्युलन्समधला तो नाही. आखूड, दबका, हेल्पर चुकला की फिटर काढतात तसा. मी वळायच्या आत ह्यायचा डावा हात आला अन् माझं मनगट धरलं. चौदा महिने ज्या हातात मी चमचा धरवला अन् ज्यातून तो दर वेळी पडला, तो हात. दुखेल एवढं धरलं. हे खुर्चीच्या काठावर आले होते, उजवा खांदा लोंबत होता, मान पुढे, डोळे झडपेवर. भिंतीवर नाही, पंख्यावर नाही, झडपेवर. माझं मनगट ओढून पाना चौथ्यावरून काढला, पहिल्यावर ठेवला, अन् उलटा फिरवायले लावला. मी फिरवला. दुसऱ्यावर नेला. मी तोही सैल केला. तिसराही. मंग बोटानं, वाकड्या पडलेल्या नखाच्या त्या बोटानं, एका बोल्टवर टकटक केलं. मी अर्धा कसला. बोट तिरपं समोर गेलं. टकटक. मी समोरचा कसला. मंग उरलेल्यांपैकी एक, मंग त्याच्या समोरचा. परत पहिल्यापासून, थोडं आणखी. ह्यायच्या कपाळावरून घाम गळत होता, श्वास फुसफुस चालला होता, पण घाई नव्हती. मी हात चालवत होती अन् आतून कोसळत होती. म्हणजे सगळं ऐकलं. भात ऐकला, चापट ऐकली, सोनं झालं असतं ते ऐकलं, खिडकीजवळची खाट ऐकली, दुर्गचा शिक्का ऐकला. प्रत्येक वेळी, प्रत्येक शब्द, ह्या माणसानं भिंतीकडे तोंड करून ऐकून घेतला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. माय माझी. मी काय करून बसली.

शेवटचा बोल्ट बसला तेव्हा ह्यायनं माझं मनगट सोडलं अन् मांडीवर हात ठेवला. मी प्लग लावला, नळीची पट्टी बसवली, बॅटरीची काळी वायर सगळ्यात शेवटी. गाडीत बसून चावी फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन लागलं, थोडा धूर निघाला, मंग आवाज सरळ झाला, गचका नाही, काही नाही. हे मान कलती करून ऐकत होते. मी चावी बंद करून उतरली अन् ह्यायच्या समोर खाली फरशीवर बसली, कमर ओरडली तरी बसली. मी म्हणलं, "अहो. तुमाले माहीत आहे ना ही गाडी उद्या कुठं चालली ते?" ह्यायनं माझ्याकडे पाह्यलं. त्या नजरेत मी राग शोधला. देवाशपथ, राग सापडला असता तर मी तिथंच नवस फेडला असता. शिवी असती, थुंकले असते, तरी चाललं असतं. काही नव्हतं. दिवसभर पाळी करून आलेल्या माणसाची नजर होती. म्हणजे माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं की ही गाडी सुधारली की आपल्याले घेऊन जाते, चुकीचे बोल्ट तसेच राहू दिले असते तर कदाचित रस्त्यात बसली असती, वाटेतल्या कुम्हारीच्या पुढेही गेली नसती. अन् तरी ह्या माणसाच्यानं चुकीचं काम पाहवलं नाही. माझ्याकडून झडप नीट बसवून घेतली, आपल्यालेच नेऊन सोडायसाठी.

मंग ह्यायनं डावा हात माझ्याकडे केला, उठव म्हणून. मी काखेत हात घालून उठवलं, काठी दिली. घराकडे वळवायले गेली तर वळेनात. गाडीकडे ओढायले लागले, पाय फरफटत, एक एक फरशी. डाव्या दारापाशी थांबले. मी दार उघडलं. हे सीटवर बसले, मी उजवा पाय उचलून आत ठेवला. बाजूचा पट्टा ह्यायनं डाव्या हातानं ओढायले सुरुवात केली, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा पूर्ण ओढला, अन् त्याचं टोक माझ्यापुढे धरलं, लाव म्हणून. अंगावर घरातलीच लुंगी होती, पायात चप्पल नव्हती. ऊन बोनटवर होतं, रस्त्यावर भाजीवाला ओरडत चालला होता, अन् हे टोक धरून वाट पाहत होते. काही तरी बोलायले पाहिजे होतं, माफ करा म्हणायले पाहिजे होतं, नाही नेत म्हणायले पाहिजे होतं, ओठांपर्यंत आलंही होतं बहुतेक.

"आज नाही हो," मी म्हणलं. "उद्या सकाळी."

अन् ह्यायनं मान हलवली, समजलं म्हणून.